झाकणाच्या आतलं चित्र

पंपघराचं कुलूप उपसरपंच रामरावांनी स्वतः उघडलं आणि पोलीस जमादार फुलसिंगला आत घेतलं. जळक्या तारांचा वास अजून तिथेच ठाण मांडून होता. मेडशीच्या पलीकडच्या त्या लहानशा गावाची नळाची मोटर आदल्या संध्याकाळी जळाली होती. ती चालवणारा देवमन दोन्ही हात भाजून वाशिमच्या दवाखान्यात पडला होता.

देवमनने मोटर मुद्दाम जाळली, अशी रामरावांची तक्रार होती. गावानेही तीच री ओढली. तसं ठरलं तर देवमनची नोकरी जाणार होती आणि तो तुरुंगात जाणार होता.

फुलसिंग सकाळीच त्याला भेटून आला होता. देवमनने सांगितलं ते असं. मोटर दुरुस्त होऊन आली. मिस्त्री उदयसिंग ती जागेवर बसवून शेवटच्या एसटीने घाईत गेला आणि तिच्या सहा तारा स्टार्टरला जोडायचं काम देवमनवर आलं. कोणती तार कुठे, याचं चित्र कंपनीने स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून दिलेलं असतं. देवमन एकच घोकत होता, "कागदावरचं चित्र पाहून जोडल्या, साहेब."

फुलसिंगने झाकण उघडलं. आत कागद नव्हताच. पत्र्याची पाटी, तगडी, पक्की ठोकलेली होती. तिच्यावरचं चित्र बरोबर होतं आणि तारा मात्र चुकीच्या जोडलेल्या.

"पाहा, जमादार," रामराव म्हणाले. "कागद आहे का कुठं?"

फुलसिंगला हेच खटकलं. झाकण उघडताच उघडं पडेल असं खोटं कोण कशाला बोलेल? त्याने वाकून पाहिलं. झाकणावर आतल्या बाजूने हळदीचा पंजा उमटलेला होता.

"हे कोनं लावलं?"

"मीच. दसऱ्याले मशिनीची पूजा माह्याच हातची असते. देवमन त्यात येत नाही, त्याचा धम्म येगळा."

"काल तो भाजल्यावर इथं कोन आलं?"

"कोनीच नाही. त्याच्या खिशातली चावी मीच काढली अन् कुलूप लावलं. दोनी चाव्या माह्यापाशी होत्या."

"अन् मिस्त्री?"

"तो तं पहिलेच गेला होता."

फुलसिंग पंजाकडे बघत राहिला. तळवा तगडीवर होता, बोटं तगडीच्या बाहेर झाकणावर. बोटं पिवळी होती आणि तळवा तांबूस.

बाहेर हौदापाशी धुणं चाललं होतं. तिथून त्याने साबणाची वडी मागून आणली, पाण्यात बुडवली आणि झाकणावरच्या एका पिवळ्या बोटावर घासली. बोट बघता बघता लाल झालं. रामरावांचा चेहरा उतरला.

"तुमी जन्मात कपडे धुतले नसतीन, रामराव," फुलसिंग शांतपणे म्हणाला. "माही बायको गेली तवापासून मी माहे धुतो. वरनाचा डाग साबन लागला का लाल होते, हे तवा समजलं. या तगडीवर खळीनं कागद डकवला होता. चित्र तसंच, फक्त तारांच्या जागा बदलेल होत्या. मोटरसंगं नवा कागद आला असंन, असं देवमनले वाटलं. तो भाजला, अन् कोनीतरी कागद ओढून काढला, खळ साबनानं पुसली. जेवढ्यावर कागद होता तेवढीच हयद लाल झाली. मिस्त्री गावात नव्हता, देवमन दवाखान्यात होता. चाव्या तुमच्यापाशी होत्या, हे तुमीच सांगतलं."

रामराव झाकणापासून मागे सरले. मग खाली बघत म्हणाले, "साऱ्या गावाचं पानी त्याच्या हातून येऊन राह्यलं होतं. आमच्या देवघरातलं बी. मोटर जळावी, नोकरी जावी, एवढंच मनात होतं. हात भाजावे असं नव्हतं."

फुलसिंगला त्या माणसाची किळस आली. त्याने त्यांना जीपमध्ये बसवलं.

दवाखान्यात वच्छला नवऱ्याला घास भरवत होती. फुलसिंगने नोकरी शाबूत असल्याचं सांगितलं, तशी तिने डोळ्यांना पदर लावला. देवमनला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. रात्रभर त्याला दुसरंच खात होतं.

"मंग मी चित्र बराबर वाचलं होतं ना, साहेब?" त्याने विचारलं. "मले वाचता आलं नाही, असं तं नव्हतं?"

"नाही, देवमन. तू बराबर वाचलं होतं."

पट्ट्या बांधलेले दोन्ही हात छातीशी धरून देवमन रडायला लागला.