मागच्याचा घास

येळवशीला घरी जायचं म्हणून पंचाक्षरीनं गिरणीतल्या जोबरला दोनदा चहा पाजून एका दिवसाची रजा काढली होती. पहाटे पाचला तो सोलापूरच्या स्टँडवर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या काखेत बापासाठी घेतलेली नवी चादर होती आणि शर्टाच्या खिशात बापाचं पोस्टकार्ड.

त्र्याहत्तर सालचा डिसेंबर होता तो. डिझेलची ओरड चालू होती. रेल्वेच्या इंजिनवाल्यांनी काम बंद ठेवलेलं. त्यात वर आभाळ की खाली आभाळ कळू नये अशी धुई पडली होती. सोलापूरला धुई म्हणजे पाहुणीच. पण त्या दिवशी आली ती घरधनीण असल्यासारखी बसून राहिली. स्टँडवरचे दिवे पाण्यात पडलेल्या लिंबासारखे दिसत होते. चौकशीच्या खिडकीतला माणूस कानाला मफलर गुंडाळून एकच वाक्य बोलत होता, "अक्कलकोट रद्द. दुधनी रद्द. मैंदर्गी तर नावच काढू नका."

पंचाक्षरीनं कार्ड पुन्हा काढलं. अंधारात वाचायची गरज नव्हती, पाठ झालं होतं. शाळामास्तरांकडून बापानं लिहवून घेतलेलं. 'यंदा ज्वारी माणसाएवढी आली आहे. गेल्या साली आलास तसा यंदाही ये. मला आता पुढचं नीट दिसत नाही. मागं कोणी नसेल तर मी फेरी घालणार नाही. शेत बटईनं लावीन आणि मठात जाऊन राहीन.'

गुरुसिद्धप्पा बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. जमीन एकदा बटईला गेली की परत हातात येताना किती आटते हे पंचाक्षरीला माहीत होतं. पण त्याला टोचत होतं ते वाक्य निराळंच. 'गेल्या साली आलास तसा.'

अमावस्येच्या फेरीची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, त्या भागातली माणसं घराला कुलूप लावून शेतात जातात. ज्वारीत कडब्याची खोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे सगळ्यांनी मिळून खायचे. पण आधी शेताला जेवू घालायचं. घरचा धनी आंबिलीचं मडकं घेऊन बांधाबांधानं शिंपडत जातो आणि हाळी देतो, "ओलगेऽऽ!" त्याच्या मागं एकजण पाण्याची घागर घेऊन चालतो. तो उत्तर देतो, "सालम पोलगेऽऽ!" या शब्दांचा अर्थ कुणी विचारत नाही. फेरी पुरी होईस्तोवर पुढच्यानं मागं वळून बघायचं नसतं. आणि खोपीशी परत आलं की त्यानं न वळताच एक उंडा पाठीमागं धरायचा. तो मागच्याचा घास. जो तो घास घेईल तो त्या शेताचा पुढचा धनी.

गेल्या साली दुष्काळ होता. शेतात नुसती ढेकळं. पंचाक्षरी गेलाच नव्हता. "ढेकळांना काय आंबील पाजायची?" असं खोलीतल्या सोबत्याला म्हणून तो सिनेमाच्या दुपारच्या खेळाला जाऊन बसला होता.

शिमग्याला घरी गेला, तेव्हा बाप चार माणसांत सांगत होता, "पोरं गावं सोडून पळाली, पर माजा पंचा फेरीला आला. मागं चालला, घास घेतला, आन् न जेवताच गेला. घरात कमी हाय म्हणून. मला कळत न्हाय व्हय?"

पंचाक्षरीनं आईकडं पाहिलं. चंद्रव्वा त्या दिवशी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, तिनं काही पाहिलं नव्हतं. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. भावकीतलं कुणी पोर मागं गेलं असेल आणि म्हाताऱ्याला आपलं वाटलं असेल. चार माणसं कौतुकानं बघत होती. पंचाक्षरी गप्प बसला. एवढंच त्यानं केलं.

स्टँडबाहेर एक ट्रक घुरघुरत उभा होता. चालक खिडकीतून ओरडला, "कुटं रं, येळवस?"

"मैंदर्गीच्या अलीकडं. शेतावरच."

"अक्कलकोटापातुर येतो. पुडचं तुजं पाय आन् तुजं नशीब. बस."

त्याचं नाव धोंडिराम. तो सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण कुठलं निम्मं ते कळत नाही. नाक काचेला लावून तो पुढच्या एका तांबड्या दिव्यामागं ट्रक चालवत होता.

"धुईत हीच रीत," तो म्हणाला. "पुडच्याचा लाइट धरायचा. तो कुटं चाललाय इचारायचं न्हाय. एकदा असाच बार्शीकडनं निगालो. लाइट धरला. चार तासानं लाइट थांबला. उतरून बगतो तर लगनाचा मांडव! जेवलो की. वर आहेर करा म्हणून मागं लागले."

पंचाक्षरी हसला. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

"आन् तुमच्या मागं कोण असंल तर?"

धोंडिरामनं आरशाकडं पाहिलं. आरशात धुई होती. "त्याचं काय हाय," तो जरा हळू बोलला, "पुडच्याला कदीच ठाव नसतं मागं कोण हाय ते. मागं गाडीच हाय म्हणावं आन् चालत ऱ्हावं."

अक्कलकोटला पंपापुढं ट्रकांची रांग लागली होती. धोंडिराम रांगेत शिरला आणि पंचाक्षरी चालू लागला.

रस्ता पायांखाली होता म्हणून होता. दोन्हीकडची झाडं जवळ आल्यावरच झाडं होत. कडब्याचा, ओल्या मातीचा आणि कुठंतरी फुटत असलेल्या फोडणीचा वास येत होता, पण माणूस दिसत नव्हतं. अधूनमधून धुईच्या आतून लांबची हाळी ऐकू येई, "ओलगेऽऽ!" आणि मग उत्तर. शेताशेतांत फेऱ्या सुरू झाल्या होत्या. ऊन वर यायच्या आत फेरी व्हायला हवी. पंचाक्षरी पळायला लागला. दहा वाजून गेले तरी धुई उठेना. दव टिपून टिपून चादर जड झाली.

मैंदर्गीच्या अलीकडं चिंचेपाशी तो रस्ता सोडून बांधावर चढला आणि त्याला बापाची हाळी ऐकू आली. फाटका, चिरका, ओळखीचा आवाज.

"ओलगेऽऽ!"

म्हणजे म्हातारा एकटाच निघाला. पंचाक्षरीनं उत्तर द्यायला छाती भरून घेतली.

"सालम पोलगेऽऽ!"

उत्तर आलं होतं. पंचाक्षरीचं तोंड तसंच उघडं राहिलं. शेतातून उत्तर आलं होतं, आणि तो आवाज त्याचा होता. सर्दी झाली की जसा फुटतो, अगदी तसा.

तो खोपीकडं धावला. चुलीपाशी चंद्रव्वा पाठमोरी बसून भज्जी ढवळत होती. बहीण दाक्षायणी पत्रावळी पुसत होती. पावलांचा आवाज ऐकून आई न वळताच म्हणाली, "घागर हितंच ऱ्हायली की रं! मागं जायचं आन् पाणी न्यायचं न्हाय... तुजं ध्यान कुटं असतं?"

"अव्वा... मी आत्ता येतोय."

"मगाशी अप्पाच्या मागनं कोण गेलं मग? तितं, त्या धुईतनं?" आईनं वळून पाहिलं. त्याच्या ओल्या केसांकडं, काखेतल्या चादरीकडं. तिच्या हातातली पळी थांबली. "आमी हाक मारली तर बोलला बी न्हाईस. मला वाटलं, उशीर झाला म्हणून लाजला."

दाक्षायणी कुजबुजली, "अण्णा, तू वाकून चालत हुतास."

पंचाक्षरीनं चादर टाकली, दोन्ही हातांनी घागर छातीशी उचलली आणि ज्वारीत शिरला.

ज्वारी खरोखर माणसाएवढी होती. पानांवरचं दव तोंडावर, मानेवर, हातांवर सांडत होतं. पायवाट एका माणसापुरती. थोड्या वेळानं त्याला पुढं बापाची काळी घोंगडी दिसली. डोक्यावरून घेतलेली, पाठीवर सोडलेली. म्हातारा चाचपडत पाऊल टाकत होता. मध्ये दहा-बारा पावलांची वाट. वाटेवर कुणी नव्हतं.

पण घोंगडीचं टोक खाली लोंबत नव्हतं. ते मागं ताणलेलं होतं. जमिनीपासून हातभर उंचीवर, सरळ, ताठ. अडकलं असेल कुठं चिपाडात, असं पंचाक्षरीनं स्वतःला सांगितलं. बापानं पाऊल टाकलं. टोकही तेवढंच पुढं सरकलं. ताण तसाच.

"ओलगेऽऽ!"

"सालम पोलगेऽऽ!"

ते खालून आलं. मधल्या रिकाम्या वाटेवरून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून. पंचाक्षरीनं घागर छातीशी आवळली. मग त्यानं सगळं बळ एकवटलं आणि स्वतः ओरडला, "सालम पोलगेऽऽ!"

गुरुसिद्धप्पा थांबला. वळला नाही. रीत मोडणारा तो नव्हेच.

"एकदाच रं," तो मायेनं म्हणाला. "दोनदा कशाला? शेताला ऐकू येतंय."

त्यानंतर पंचाक्षरी ओरडला नाही. चारी बांध झाले. प्रत्येक हाळीला उत्तर गेलं. त्यानं ओठ मिटून घागर छातीशी धरली होती, आणि आपलाच आवाज आपल्या पुढं वाकून चाललेला ऐकत होता. ज्वारीची पानं पुढं बापाला लागून हलत, थांबत. मग खाली, बुंध्यापाशी, पुन्हा हलत.

खोप आली. बापानं मडकं खाली ठेवलं, तोंड पाच दगडांकडं. कमरेच्या फडक्यातून उंडा काढला आणि न वळता हात पाठीमागं धरला.

पंचाक्षरीला घागर खाली ठेवायची होती. घागर ठेवायची, दोन पावलं पुढं जायचं आणि घास घ्यायचा. तेवढंच. तेवढ्यासाठीच तो आला होता. पण त्यानं पाहिलं, बापाचा हात हळूहळू खाली झुकला. कुणी मनगट धरून प्रेमानं खाली ओढावं तसा. गुडघ्यापर्यंत. क्षणभर तिथं राहिला. वर आला तेव्हा रिकामा होता.

"घेतलास?" बापानं विचारलं.

चुलीपाशी आई आणि बहीण उभ्या होत्या. त्यांच्या आणि वाटेच्या मध्ये धुई होती. त्यांना हात दिसला नव्हता. पंचाक्षरीला 'न्हाय' म्हणायचं होतं. पण आज न्हाय म्हटलं की गेल्या सालचंही न्हाय म्हणावं लागणार. मग गेल्या साली मागं कोण होतं, घास कुणी घेतला, हे म्हाताऱ्यानं विचारलं असतं. आणि मठाची वाट धरली असती.

"घेतलास न्हवं, पंचा?"

"...व्हय, अप्पा."

गुरुसिद्धप्पा वळला. मोतीबिंदूच्या पांढऱ्या डोळ्यांत पाणी होतं. "आता मी मेलो तरी चालंल," तो म्हणाला. "लई आधार झाला तुजा. मोडकी वाट, पर तू घोंगडीचं टोक सोडलं न्हाईस. नुसता हात तेवडा गार पडलाय रं तुजा. गेल्या सालापरीस गार."

पंचाक्षरीच्या दोन्ही हातांत घागर होती. ती त्यानं मग सावकाश खाली ठेवली.

थोड्या वेळानं धुई उठली. लख्ख ऊन पडलं, ज्वारीच्या कणसांवरून पाणी निथळलं. शेजारच्या शेतांतून हसण्याबोलण्याचे आवाज आले. सगळे जेवले. पंचाक्षरीनंही खाल्लं. बापानं नवी चादर हातानं चाचपून पाहिली, गिरणीचं कौतुक केलं आणि घोंगडीच अंगावर घेतली. घोंगडीच्या टोकाला, आंबिलीनं भरलेली, पाच बोटं उमटली होती. खालून वर धरलेली. चंद्रव्वानं ती पाहिली, लेकाकडं पाहिलं, आणि घागरीतलं उरलेलं पाणी घेऊन ती बोटं धुऊन टाकली. याबद्दल ती पुढं कधी बोलली नाही.

शेत बटईला गेलं नाही. त्या साली सुगी अशी झाली की खळ्यावर बघायला लोक आले. गुरुसिद्धप्पा अजून तीन वर्षं जगला. दर येळवशीला पंचाक्षरी आदल्या दिवशीच जाऊन राहायचा. घागर घेऊन मागं चालायचा, बापापासून दहा पावलं राखून. उत्तर द्यायला तोंड उघडायची त्याला कधी गरज पडली नाही.

बाप गेल्यावर तो स्वतः पुढं चालू लागला. पहिल्याच वर्षी दाक्षायणीचा नवरा बसप्पा घागर उचलून म्हणाला, "पंचाण्णा, मागं कोण न्हाय तुमच्या. मी येतो की."

"राहू दे," पंचाक्षरी म्हणाला. "हाय."

बसप्पाला वाटलं, चेष्टा. तो खोपीपाशी हसत उभा राहिला. हाळी गेली, उत्तर आलं, बसप्पा हसायचा थांबला. चारी बांध झाल्यावर पंचाक्षरी ज्वारीतून एकटाच बाहेर आला. त्यानं मडकं ठेवलं, तोंड दगडांकडं केलं, फडक्यातून उंडा काढला. वळून पाहिलं नाही. आणि घास पाठीमागं धरताना, कुणाला फार हात वर करावा लागू नये म्हणून, तो स्वतःच थोडा गुडघ्यात वाकला.