बंगल्याचं मागचं दार

टी.वाय.च्या झूलॉजी प्रॅक्टिकलला मॅडमनी बरणीतला बांगडा ट्रेमध्ये काढून शमिकासमोर ठेवला आणि निरीक्षण सांगायला लावलं. शमिकाचा हात तिला न विचारताच पुढे गेला. अंगठ्यानं तिनं कल्ला उचलला, आत पाहिलं आणि म्हणाली, "शिळा आहे."

सगळी लॅब हसली. बांगडा दोन वर्षं फॉर्मॅलिनमध्ये होता, शिळा नसून जातो कुठे! शमिकाचे कान तापले. सकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर आईबरोबर मासे निवडायचे, मग हातांना लिंबू चोळून कॉलेज गाठायचं, शेवटच्या बाकावर बसायचं आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही, असा तिचा तीन वर्षांचा नेम. एका बांगड्यानं तो मोडला.

शेजारच्या टेबलावरचा अजिंक्य तेवढा हसला नाही. उलट त्यानं आपल्या माशाचाही कल्ला उचलून पाहिला.

"ताजा कसा ओळखायचा?" त्यानं हळूच विचारलं.

"कल्ला लालभडक हवा. डोळा वर आलेला. आणि बोटानं दाबलं तर खड्डा राहत नाही."

"आणि माणूस?"

"माणसाचं... अजून शिकवलेलं नाही," ती म्हणाली आणि ट्रेमध्ये बघत राहिली.

अजिंक्य कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मांडवीच्या रस्त्यावरचा बंगला, वडिलांचा आंब्याच्या रसाचा कारखाना. लहानपणी मास्तर घरी यायचे, बारावीनंतर डॉक्टर करायला त्याला दोन वर्षं कोट्याला ठेवलं होतं. डॉक्टरकी काही जमली नाही, तेव्हा तो इथल्या वर्गात आला, सगळ्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. तिची आई, बकुळा, त्या बंगल्यावर पंधरा वर्षं मासे देत होती. पण मासे घेणाऱ्याला मासा आठवतो, टोपलीमागे उभी असलेली पोर नाही. अजिंक्यला शमिका आठवत नव्हती.

मुंबईला मत्स्यविज्ञानाच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा होती. अभ्यास सारा इंग्रजीत, आणि शमिका दहावीपर्यंत मराठी शाळेतली. अजिंक्यनं क्लासच्या पुस्तकांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिनं तो तसाच परत सरकवला. फुकट काही नको म्हणाली. मग सौदा ठरला. त्यानं इंग्रजी शिकवायचं, तिनं जेटीवर मासे.

पहिल्याच दिवशी तो पांढरे बूट घालून आला आणि बर्फावरून सपशेल घसरला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, तोही हसला. त्यांच्यातली बकुळा, आपल्या बंगल्यावर मासे देणारी, हीच शमिकाची आई, हे त्याला तिथंच कळलं. नंतर नळावर हात धुताना तो तळवे हुंगत राहिला, तेव्हा शमिकानं आपल्या लिंबाची अर्धी फोड त्याला दिली. रोज एक लिंबू दोघांत, हे त्या दिवसापासून ठरूनच गेलं. लिंबू पिळताना बोटांना बोटं लागली की तिला दिवसभर दुसरं काही सुचत नसे, हे मात्र तिनं त्याला सांगितलं नाही.

"तू फॉर्म का भरत नाहीस?" त्यानं एकदा विचारलं. "मला तर नापास व्हायलासुद्धा सगळ्या सोयी होत्या. घरातले अजून त्याबद्दल बोलत नाहीत, एवढे चांगले आहेत. त्या चांगुलपणानंच मी... लहान होत गेलो."

"आमच्याकडे नापास व्हायची सोय नाही," शमिका म्हणाली. "म्हणून मी बसतच नाही."

तो म्हणाला, मंगळवारी घरी ये, लॅपटॉपवर भरू. बुधवारी शेवटची तारीख आहे.

मंगळवारी अंगारकी होती, मासे विकायचे नव्हते. शमिका वह्यांची पिशवी घेऊन निघाली. फाटकातून आत शिरली आणि पाय आपसूक उजवीकडे वळले, माडांच्या कडेनं, विहिरीवरून, मागच्या दाराशी. सहा वर्षांची असल्यापासून ती तिथंच उभी राहत आली होती. स्वयंपाकघरातून अजिंक्यच्या आईनं मान न वळवता म्हटलं, "आज अंगारकी ना गं? बकुळेला विसर पडला की काय? आज नकोत मासे."

अजिंक्यकडे आलेय, एवढंच बोलायचं होतं. शमिका म्हणाली, "बरं, वहिनी." आणि परत फिरली.

त्या बाईचा तिला राग आला नाही. स्वतःचा आला, आणि तो फार वाईट असतो. दिवसभर तिनं फोन उचलला नाही.

बुधवारी सकाळी अजिंक्य मिरकरवाड्यात त्यांच्या दारात उभा राहिला. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. बकुळा जाळं सारून म्हणाली, "वहिनींचा अजिंक्य आज घरी! ये बाबा, बस. आमच्या घराला दार एकच हाय, तेव्हा चुकायची भीती नाय." आणि चहा टाकायला आत गेली.

"आईला विचारलं, शमिका आली होती का," तो म्हणाला. "ती म्हणाली, शमिका नाही, बकुळेची मुलगी येऊन गेली. मी म्हटलं, तीच. ...तू मागच्या दारानं का आलीस?"

"मी नाही आले. पाय गेले."

"मला तू आवडतेस, शमिका. फॉर्म भर किंवा नको भरू, आवडतेसच. पण भर."

शमिकानं लॅपटॉप ओढून घेतला. पालकांचा व्यवसाय, या रकान्यापाशी बोट थांबलं. शाळेपासून ती तिथं 'घरकाम' लिहीत आली होती. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. तिनं सावकाश टाईप केलं, मासेविक्री. मग अजिंक्यचाही फॉर्म भरून घेतला. पुन्हा नापास झालो तर, असं तो म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, तुला सवय आहे.

जूनमध्ये निकाल लागला. शमिकाचं नाव यादीत होतं, अजिंक्यचं प्रतीक्षा यादीत सातवं. बकुळेनं पेढे आणले. त्यातला एक पुडा घेऊन शमिका मांडवीला निघाली.

फाटकातून आत शिरली. पाय उजवीकडे ओढ घेऊ लागले. ती थांबली, मग सरळ चालत गेली, पायऱ्या चढली आणि घंटी वाजवली.

दार अजिंक्यच्या आईनं उघडलं.

"काकू, मी शमिका," ती म्हणाली. "अजिंक्य आहे का?"

त्या क्षणभर तिच्याकडे, मग पुड्याकडे पाहत राहिल्या. मग दारातून बाजूला झाल्या. "आहे. ये, आत ये."

अजिंक्य जिना उतरत होता, तो मधेच थबकला. तिला पुढच्या दारात पाहून त्याला हसू आवरेना.

"आज पाय इकडे कसे आले?"

"पाय नाही आले," शमिका म्हणाली. "मी आले. मलाही तू आवडतोस, ते सांगायला."

काकू पेढ्यांसाठी ताटली आणायला आत गेल्या, आणि त्यांनी ती शोधायला चांगला वेळ घेतला.