लाल अक्षरांतलं ‘अतिक्रमण’

"टपरी गेली!" ढब्बू जिन्यावरूनच ओरडला. "छत्रीवाल्या आजींची अख्खी टपरी गायब!"

मास्तरीण डिंकाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. मास्तरीण म्हणजे ढब्बूची मोठी बहीण. दिसेल त्याला चार गोष्टी शिकवल्याशिवाय ती सोडत नसे. घरातलं मांजरही त्यातून सुटलं नव्हतं, म्हणून हे नाव. दोघं सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी शाळेत सामाजिक शास्त्र शिकवायची. पुस्तकातले जड शब्द मुलांच्या डोक्यात उतरावेत म्हणून तिने एक खेळ काढला होता. शब्द कागदावर लिहायचा आणि जिथे तो शोभतो तिथे नेऊन लावायचा. बागेतल्या बाकावर ‘सार्वजनिक मालमत्ता’ लागलं, पाण्याच्या टाकीवर ‘नागरी सुविधा’. झोपलेल्या काकांच्या पोटावर ‘डोंगराळ प्रदेश’ लावल्याबद्दल ढब्बूने धपाटाही खाल्ला होता.

आणि काल संध्याकाळी, खेळात सगळ्यांच्या पुढे जायचं म्हणून, मास्तरिणीने एकटीनेच जाऊन छत्र्या-दप्तरं शिवून देणाऱ्या आजींच्या टपरीवर ‘अतिक्रमण’ लावलं होतं. तेही साधंसुधं नाही. लाल अक्षरं, पट्टीने आखलेली चौकट आणि खाली बाटलीच्या झाकणाने काढलेला गोल शिक्का! शब्दाचा अर्थ तिला पाठ होता. टपरी फुटपाथवर होती. आजींना काही विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही.

शेजारचा टेकू खाली वाटच पाहत होता. कुठेही उभा राहिला की तो भिंतीला टेकायचा. तिघं धावत कोपऱ्यावर पोचली. फुटपाथवर टपरीच्या जागी नुसता स्वच्छ चौकोन उरला होता. समोर न्हाव्याच्या पायरीवर आजी रिकाम्या हातांनी बसल्या होत्या.

"सकाळी नगरपालिकेची गाडी आली," न्हावी म्हणाला. "मुकादम म्हणतो, अतिक्रमणाचा कागद लागलाय, उचला. आजींकडे परवाना आहे, पण तो टपरीतच अडकला. ऐकतंय कोण? आता सगळं त्यांच्या गोदामात पडलंय, संध्याकाळी भंगारवाला येईल तिथे. शिवणाचं मशीन गेलं तर यांनी शिवायचं कशावर?"

"कागद लावणारा सापडलाच पाहिजे," टेकू भिंतीला टेकत म्हणाला. "कोण असेल हा दुष्ट माणूस?"

"त्याचे हात डिंकाने चिकटवू," ढब्बू म्हणाला.

मास्तरिणीने आपले हात पाठीमागे नेले.

"तुझं दप्तरही त्यातच गेलं गं पोरी," आजी तिला म्हणाल्या. "नवी चेन लावून ठेवली होती मी." धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मास्तरिणीला झालं.

तिघं नगरपालिकेत गेली. साहेब सह्या करत होते. त्यांनी मान वर न करता फाईल पुढे सरकवली. "सगळं नियमाप्रमाणे झालंय. हा बघा कागद."

ढब्बू वाकला. "ताई, हे तर तुझं..." एवढं बोलून तो थांबला आणि छताकडे बघायला लागला. "हे तर... छान अक्षर आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. ढब्बूच्या पोटात आजवर तीळभर गोष्ट राहिली नव्हती. आज ती राहिली, आणि तीही तिच्यासाठी. मास्तरिणीला ते सहन होईना.

"कागद मी लिहिलाय," ती म्हणाली. "खेळ म्हणून."

साहेब हसले. "कुणाला वाचवायला बघतेस? शिक्का आहे त्यावर."

"झाकणाचा आहे." तिने पिशवीतून कोरा कागद, डिंक आणि लाल पेन काढलं. साहेबांच्याच पाण्याच्या बाटलीचं झाकण घेऊन गोल काढला, चौकट आखली, तोच शब्द लिहिला आणि बाहेर येण्याजाण्याच्या वाटेत उभ्या असलेल्या त्यांच्या कपाटावर नेऊन चिकटवला. तेवढ्यात मुकादम आला. त्याने कागद पाहिला.

"उचला रे," तो मागच्या दोघांना म्हणाला. दोघांनी कपाटाला हात घातलासुद्धा!

"अरे ठेवा, ठेवा! माझं कपाट आहे ते!" साहेब खुर्चीतून उठून धावले. मग त्यांनी कपाटावरचा कागद पाहिला, फाईलमधला पाहिला. दोन्ही अगदी सारखे! टेकूला हसू आवरेना. साहेबांनी घाईघाईने गोदामात फोन लावला. मशीन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलं होतं, ते उतरवलं गेलं.

सूर्य मावळायच्या आत टपरी पुन्हा जागेवर आली. साहेब स्वतः आले, आजींची माफी मागितली आणि जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "या मुलीमुळे आमचे डोळे उघडले. अशी धीट मुलगी असावी!" न्हाव्याने टाळ्या वाजवल्या. मावशीचा चेहरा अभिमानाने फुलला. मास्तरिणीला मात्र प्रत्येक टाळी गालावर बसल्यासारखी वाटत होती. साहेबांना खरं सांगून झालं होतं, पण जिची टपरी गेली तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

"आजी, तो कागद मीच लावला होता," ती म्हणाली. "तुम्हाला न विचारता."

टाळ्या थांबल्या. मावशीने मान खाली घातली. आजी मशीनला तेल घालत राहिल्या. तेलाची बाटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मग तुमच्या पुस्तकात माझ्यासाठी दुसरा कुठला शब्द आहे, सांग बघू."

लघुउद्योग, सेवाक्षेत्र, असंघटित कामगार. मास्तरिणीला सगळे शब्द आठवले, पण एकही आजींना शोभेना.

"तुम्हीच सांगा," ती कशीबशी म्हणाली.

"शेजारीण म्हण की. तुझी मावशी परकर सावरत शाळेत जायची, तेव्हापासून तिची छत्री मीच शिवतेय." आजींनी सुई-दोरा तिच्यापुढे धरला. "आणि रडून झालं की एवढं ओवून दे. मला सुईचं नेढं दिसत नाही."

मास्तरिणीने सुई उजेडाकडे धरली. डोळ्यांत इतकं पाणी होतं की तिलाही नेढं दिसेना.