कमळबाईंचा डावा हात

प्रितेश पहिल्यांदा वाचनालयात आला आणि आल्या आल्या त्याने माझ्या आमटीला नावं ठेवली.

म्हणजे तोंडाने नाही. एक भुरका मारला, वाटी हळूच टेबलावर ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार मन लावून बघू लागला. बाहेर पाऊस कोसळत होता, त्याच्या हातातली छत्री ठिबकत होती आणि माझी फरशी ओली होत होती.

“छत्री बाहेर ठेवायची असते,” मी म्हटलं.

“आणि आमटी?” त्याने विचारलं.

असा राग आला म्हणून सांगू! पण तो हसला... आणि तो हसला की त्याचा एक दात थोडा पुढे येतो. मी रागवायचं विसरले.

टेमघरच्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी ‘पुस्तक आणि पान’ असतं. मी एखाद्या आवडत्या पुस्तकातलं प्रकरण मोठ्याने वाचते आणि त्या गोष्टीला शोभेल असा पदार्थ रांधून वाढते. दुष्काळाच्या कादंबरीला कण्या, सासुरवाशिणीच्या कथेला चोरून खायचे तिळाचे लाडू, पोलिसी कथेला झणझणीत आमटी. मी तुळजा, गणेशपुरीकडच्या कुणब्याच्या घरातली. इथे नोकरी लागली तशी खोली घेऊन राहते. वाचते बरी. रांधते... लोक प्रेमाने खातात, एवढंच म्हणते.

प्रितेशने पिशवीतून एक पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, पानोपानी हळदीचे अंगठे.

“याला काय शोभेल?”

“कुणाचं आहे?”

“आईचं. एका हाताने कालवण ढवळायची, दुसऱ्या हातात हे.” तो थांबला. “गेल्या साली गेली ती. आता वर्षश्राद्ध येईल. घरात कोणी याला हात लावत नाही. कोणीतरी मोठ्याने वाचावं असं वाटलं... बस.”

पुस्तक भुताचं होतं. खाडीच्या खाजणातून तिन्हीसांजेला एक बाई येते, ओल्या पायांनी दारात उभी राहते आणि आतल्या सुनेला विचारते, “काय रांधलंस गो?” मी एका बैठकीत वाचलं, आणि रात्री खोलीचं दार दोनदा तपासलं.

त्या गोष्टीला खाडीचाच मासा हवा. प्रितेश म्हणाला, निवट्या मी आणतो. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे ते वटारल्या डोळ्यांचे मासे. मी जन्मात रांधले नव्हते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत शेगडी पेटवली, लसूण ठेचला, मसाला टाकला, चिंच घातली आणि कालवणाला उकळी आल्यावर पळीने थोडं तळहातावर घेऊन चाखलं. कोण चाखत नाही?

तेवढ्यात माझा हात फळीवर गेला. तिथे कोणीतरी दिलेली आंबोशी, कैरीच्या वाळवलेल्या फोडींची पुडी, पडून होती. चिंच घातलेली असताना मी मूठभर आंबोशी त्यात टाकली. का, ते मला विचारू नका. मग पळी पातेल्याच्या काठावर आपटली... टक, टक-टक. आणि खाली बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, पळी डाव्या हातात होती. मी डावखुरी नाही.

वाचन झालं, पानं वाढली. प्रितेशने पहिला घास घेतला आणि त्याचा हात ताटातच थांबला.

“आंबोशी घालायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. हात गेला.”

“आई घालायची,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि माझ्या पाठीतून काहीतरी गार सरकत गेलं.

मग तो रोजच येऊ लागला. कधी पुस्तक बदलायला, कधी “इकडूनच चाललो होतो” म्हणून... नारपोलीतल्या यंत्रमागाच्या शेडवरून घरी जायचा त्याचा रस्ता टेमघरकडून मुळीच जात नाही, हे मला ठाऊक होतं.

“काल नेलेलं वाचून झालं?” मी विचारायची.

“वाचायला घेतलं की तुझाच आवाज ऐकू येतो. मग पानच उलटत नाही.”

“मग दंड भर.”

“रोज भरतोय की! येतोय ना?”

मी लाजायची, आणि लाजल्याचं दिसू नये म्हणून कपाटात डोकं घालायची. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

पण शेगडीसमोर उभी राहिले की मी माझी राहत नव्हते. शिरा केला तरी डावा हात पुढे. टक, टक-टक. वाढायला लोक रांग लावायचे, “तुळजा, हाताला काय चव आली गं!” म्हणायचे, आणि मला ते हात धुऊन टाकावेसे वाटायचे. एके दिवशी वळून बघितलं तर प्रितेश मागच्या खोलीच्या दारात उभा. चौकटीला टेकलेला... डोळे मिटलेले. तो ऐकत होता.

मला तेव्हा खरी भीती वाटली. भुताची नव्हे. माझ्यासमोर उभं राहून हा मुलगा डोळे का मिटतो?

“प्रितेश, तू इथे कुणासाठी येतोस?”

त्याने डोळे उघडले. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

“तुला खरं सांगू... मलाच कळत नाही.”

दोन दिवसांनी त्याची आत्या आली. धोंडूबाई, हिरवं लुगडं, नाकात भलीमोठी नथनी. खुर्चीवर बसली नाही, सरळ मागच्या खोलीत. मी भाजी परतत होते. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“हा कमळचा हात हाय, प्रितेशचे आयचा. डावरी होती ती. मी कवढी बोलाची तिला, डावे हातान रांधू नको म्हनून.” मग तिने मला जवळ ओढलं. “खरा सांग पोरी. निवट्या रांधल्यास त्या दिवशी तिचा घास काढून ठेवलावतास?”

“कसला घास, आत्या?”

“मानूस जाऊन साल व्हायचे आत त्याचे आवडीचा रांधला, तं पयला घास त्याचा. चाखाचा पन न्हाय. तू आधी चाखलास ना? मंग ती कुठं जानार? बसली तुझे हातान.”

हसावं की रडावं कळेना. आम्ही वरच्या गावची माणसं, आमच्यात असं काही नसतं. “मग आता?”

“सालाचे दिवशी तूच ये रांधायला. तिचा तिला परत दे.”

वर्षश्राद्ध शुक्रवारी आलं. शुक्रवारी माग बंद असतात, त्यामुळे एरवी खडखडणारं नारपोली त्या दुपारी इतकं गप्प होतं की आपलाच श्वास ऐकू यावा. मी प्रितेशच्या घरी जाऊन निवट्यांचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि पळी जिभेजवळ नेली नाही. पान गच्चीवर मांडलं. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. विजेच्या तारेवर कावळे ओळीने बसले होते, आणि एकही हलत नव्हता.

प्रितेशचे वडील, काळूरामकाका, हात जोडून म्हणाले, “कमळ, पोराचा लगीन यंदा लावतू.”

कावळे ढिम्म.

“आई, खाडीकाठची जागा गोदामाला देणार नाही मी,” प्रितेश म्हणाला.

काही नाही. कालवणावर तवंग साचू लागला. माझा डावा हात मात्र आपोआप गच्चीच्या कठड्यावर वाजत होता... टक, टक-टक. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कावळे का येत नाहीत ते मला कळलं होतं. मी सोडत नव्हते. ती चव गेली की प्रितेशही जाईल, ही भीती मी मुठीत घट्ट धरून ठेवली होती. दुसऱ्या बाईच्या हाताने का होईना, तो माझ्याकडे येत होता ना?

पण असं किती दिवस? संसारभर तो डोळे मिटून जेवणार, आणि मी बघत बसणार?

मी पानासमोर जाऊन उभी राहिले.

“आई, चुकून घेतलं मी तुमचं. घेऊन जा. तो माझ्याकडे आला तर माझ्यासाठी येऊ दे. नाही आला... तर नाही आला.”

प्रितेश माझ्याकडे बघत राहिला. आणि तारेवरचा एक कावळा उतरला, तुरुतुरु चालत आला, आधी आंबोशीची फोड उचलली, मग निवटी. माझा डावा हात खांद्यापासून हलका झाला, भरलेली घागर खाली ठेवल्यावर होतो तसा. धोंडूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी एक साधीसुधी प्रेमकथा निवडली आणि मुद्दाम निवट्यांचंच कालवण केलं. परीक्षा घ्यायचीच तर सोपा पेपर कशाला? उजव्या हाताने ढवळलं. मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं.

लोकांनी एक-एक घास घेतला आणि पाण्याचे ग्लास शोधले. कोणाला अचानक कामं आठवली, कोणाला घरून फोन आले. होता होता वाचनालय रिकामं झालं. प्रितेश तेवढा कोपऱ्यात बसून जेवत होता. डोळे उघडे, आणि सगळा वेळ माझ्यावर.

“खारट आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“निवट्या कच्च्या राहिल्यात.”

“मग ठेव की! कुणी बळजबरी केलीय?” मी पातेलं उचललं. “ती चव गेली, प्रितेश. आता नाही यायची परत.”

“हो. गेली.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. वर गटागटा पाणी प्यायला. “आईसाठी कालच रडून झालं माझं. आज सकाळपासून मी फक्त तू काय करणार याचा विचार करतोय... काहीही कर गं. करपव. खारट कर. मला तुझ्याच हातचं जेवायचंय, जन्मभर.”

मी नुसती उभी राहिले, पातेलं हातात धरून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“रडू नकोस त्यात,” तो म्हणाला, “आधीच मीठ जास्त आहे.” आणि त्याने ताट पुढे केलं. “वाढ अजून.”

मी वाढलं.