लाल गाडीचा क्लच

मेणबत्ती नको लावूस, सुरभी. लाईट येईल तेव्हा येईल. आणि खुशी, तो मोबाईल उलटा ठेव, डोळ्यांवर उजेड येतो.

मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. भुतंबितं मानत नाही... म्हणजे, मानत नव्हतो असं म्हणू या का? माझं काही ठरत नाही. ही हकिकत मला बादलनं सांगितली. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या मागे त्याचं गॅरेज आहे, माझी स्कूटर तोच बघतो. खोटं बोलणारा माणूस नाही. निदान मला तसा वाटत नाही.

मागच्या साली, तान्ह्या पोळ्याची रात्र. हाताखालची माणसं सणाला गेलेली. बादल शटर ओढणार तोच दारात ट्रॅक्टर थांबला. मागे दोरानं ओढत आणलेली लाल, दोन दारांची, जुनी स्पोर्ट्स गाडी. बादलनं ती लगेच ओळखली. गाडी पिंटूची होती.

नेरचा पिंटू. त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी पुराच्या वेळी ही गाडी रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, अडकली. इंजिन चालू, पण गिअर पडेना. लोक काठावरून ओरडत होते, "उतर, उतर!" तो गिअरशी झटत बसला. मग पाणी आलं, त्यात तो गेला. आणि त्याच्या महिनाभर आधी त्या गाडीचा क्लच बादलनं दुरुस्त केला होता. तेव्हापासून नेरचं एकही गिऱ्हाईक त्याच्याकडे फिरकलं नव्हतं.

ट्रॅक्टरवरून उतरले ते पिंटूचे वडील, सदाशिवराव. हातात नव्या सामानाची पिशवी. ट्रॅक्टर त्यांनी परत धाडला.

"क्लचचं सिलिंडर बदलून दे," ते म्हणाले. "पण माह्या डोयासमोर खोल. जुनं माह्या हातात दे."

"उद्या आणाची होती ना काका. आज पोट्टे नाहीत कामाले."

"म्हणूनच आज आणली. लय हात असले की लपवाले सोपं जाते."

"मी कायले लपवू?"

"ते पाहतोच आता. डुप्लिकेट रबर टाकलं असंल तर आत्ताच सांग."

बादललाही स्वतःचा भरवसा नव्हता. आपलाच हात चुकला असेल तर? दोन वर्षं तो याच प्रश्नावर कूस बदलत होता. गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवून तो खाली शिरला. सदाशिवराव बॅटरीचा उजेड धरून वाकले. त्याच्या बोटांवरून नजर हलवेनात.

पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरातलं तेल, क्लचलाही ब्रेक ऑइलच लागतं, नळीतून खालच्या सिलिंडरात उतरतं, आतलं रबर पुढे सरकतं आणि क्लच सुटतो. रबर हललं नाही तर गिअर पडत नाही. ते रबर निघालं, भिजलेल्या चण्यासारखं फुगलेलं. बादलनं तेलाचं बोट नाकाशी नेलं.

"काका... हे ब्रेक ऑइल नाही. इंजिनाचं हाय. यानं रबर फुगते. मी नाही टाकलं हे, मायची आन."

"मंग कोणं टाकलं?"

"बोनेटखालच्या, क्लचच्या तेलाच्या पांढऱ्या डबीत ओतलं कोणीतरी."

सदाशिवरावांनी बॅटरी बोनेटकडे वळवली.

"पांढऱ्या डबीत...?"

"हो."

"पोट्टा झोपून होता... मले तेल कमी दिसलं. ट्रॅक्टरच्या डब्यातलं ओतलं मी. म्हटलं, लेकराले रस्त्यात तरास नको..."

सदाशिवराव बॅटरी ठेवून बाहेर गेले.

बादलवरचा आळ गेला होता. त्याला मात्र तसं वाटेना. हातांना काहीतरी हवं म्हणून त्यानं नळ्या धुतल्या, वरचं आणि खालचं सिलिंडर नवं बसवलं, बरोबर तेल भरलं. उरली नळीतली हवा काढायची. याला दोघं लागतात. खालचा म्हणतो, "दाब." सीटवरचा पेडल दाबतो, म्हणतो, "धरलं." मग खालचा स्क्रू ढिला करून हवा काढतो, पुन्हा आवळतो आणि म्हणतो, "सोड." तोवर पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत.

"काका, जरा सीटवर या," बादलनं खालूनच हाक मारली.

दार उघडलं. सीट करकरली.

"दाबा."

"धरलं."

हवा फसफसली. "सोडा."

पेडल वर आलं. पुन्हा दाबा. पुन्हा धरलं. काम चोख चाललं होतं. फारच चोख. हे "धरलं" म्हणायचं काकांना कोणी शिकवलं? आणि काकांना दम लागतो, बसताना कण्हतात. आत्ता कण्हले नाहीत.

"काका, बरं हाय ना?"

...

"दाबा."

"धरलं."

आवाज हळू. कोवळा.

बादलनं मान वळवली. गाडीखालून फाटक दिसत होतं. फाटकाशी दगड. दगडावर सदाशिवराव. डोकं गुडघ्यांत.

मग वर...?

स्क्रू आवळला गेला. सवयीनं. तोंड उघडलं. "सोडा" निघेना.

वरून पुन्हा. न विचारता.

"धरलं."

बादल दुसऱ्या बाजूनं सरपटत निघाला. गाडीत पाहिलं नाही. शटर ओढलं नाही. काकांना धरून उठवलं, मोटरसायकलवर बसवलं आणि आपलं घर गाठलं.

सकाळी गाडी रिकामी. सीट कोरडी. पेडल मात्र तळाला टेकलेलं.

"हवा राहिली असंल ना, आबाजी. मग पेडल खालीच पडून राहते."

हो खुशी, मीही त्याला हेच म्हणालो. पण तसं पेडल बोटानं उचलता येतं. मी स्वतः लोहाऱ्याला जाऊन दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही. कदाचित माझ्या हातांत जोर नसेल.

"तू 'सोड' म्हटलं नाहीस ना," मी बादलला म्हणालो. "म्हण आता."

"मी कोण म्हणणारा, सर? काकांनी म्हणावं."

सदाशिवरावांनी गाडी तशीच नेरला नेली. ते रोज तिच्याजवळ जाऊन बसतात. 'सोड' काही म्हणत नाहीत. विमलताई, त्यांची बायको, मला म्हणाल्या, गाडी पुसू देत नाहीत. काचेवर, सीटवर, स्टिअरिंगवर वर्षाची धूळ चढली आहे.

पेडल अजून खालीच आहे. त्याच्यावर धूळ नाही.