माळावरच्या वस्तीची फाइल

"बाई, टँकर आला न्हाई. समदी वस्ती घागरी घेऊन बसून हाय," माळावरच्या वस्तीतली नीलम्मा ऑफिसात फोन करून म्हणाली.

दुष्काळाचं वर्ष. लातुरातल्या एका छोट्या ऑफिसातून टँकरच्या पाळ्या ठरवणारा प्रोग्राम चाले. तक्रार गेली तशी नांदेडहून तपासायला शिवकांता आली. बाई खमकी, चहालाही नको म्हणाली.

प्रोग्रामला बाहेरून आणलेल्या काही फाइली लागत. त्यातली एक माळावरची वस्ती गाळायची. ऑफिसातल्या रुद्राणीनं ती दुरुस्त केली होती. पण दर अपडेटला मूळ फाइल वर चढे आणि दुरुस्ती पुसली जाई. म्हणून तिनं सेटिंगमध्ये दुरुस्ती जपणारा 'फाइल राखा' हा पर्याय बसवला होता.

काल संध्याकाळी कुणीतरी तो बंद केला. वस्तीचा टँकर गेला कुठं? मूळ फाइलीप्रमाणे शहरातल्या एका कॉलनीत. ऑफिसातले तिघंही, रुद्राणी, गुरुलिंग आणि मडिवाळप्पा, राहत होते त्याच कॉलनीत. पासवर्ड तिघांचा एकच.

आळ रुद्राणीवर आला, नोकरी जायची वेळ आली. आणि तिच्यावर आळ घेतला होता गुरुलिंगनं. त्यानंच तिला काम शिकवलं होतं, ती त्याला अण्णा म्हणायची. हे तिला फार लागलं.

त्याच्या घरी लेकीच्या लग्नाची घाई होती. तरी वेळ काढून त्यानं तिच्यावर आळ घेतला होता.

शिवकांतानं विचारलं तेव्हा रुद्राणीनं सांगितलं, की पर्यायाची माहिती लिहून ठेव हे अण्णांनीच सुचवलं. कच्चं लिखाण तिनं फक्त त्यांना दाखवलं. ते 'बरोबर हाय' म्हणाले. मग स्वतः करून बघताना तिला एक चूक सापडली, ती सुधारून काल सकाळी तिनं पक्कं पान दोघांना दिलं.

मशीनच्या नोंदीत दिसलं ते असं: पर्याय बंद, मग लागोपाठ दोन अपडेट.

शिवकांतानं उरलेल्या दोघांना वेगवेगळं बोलावून एकच प्रश्न विचारला. "पर्याय बंद केल्यावर मूळ फाइल यायला अपडेट किती वेळा चालवायचं?"

"एकदाच. पानावर हाय की," मडिवाळप्पा म्हणाला.

"दोनदा. एकदा करून काय होत न्हाई," गुरुलिंग म्हणाला.

तिनं तिघांना समोर बसवलं.

"एकदाच पुरतं. 'दोनदा' ही कच्च्या लिखाणातली चूक होती. रुद्राणीला ती कळली होती, मडिवाळप्पांनी ती कधी पाहिलीच नव्हती. राहिले तुम्ही, गुरुलिंग. पक्कं पान तुम्ही उघडलंच नाही. पोरीनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, एवढा तुमचा तिच्यावर भरवसा. आणि बळी तिचाच दिला?"

गुरुलिंगची मान खाली गेली. "लेकीच्या लग्नाचा मांडव घातलाय. पाव्हण्यांना प्यायला पाणी न्हाई."

"मागितलं असतं तर माझ्या घरचा ड्रम दिला असता, अण्णा," रुद्राणी म्हणाली.

तिनं दुरुस्त फाइल परत बसवली, पर्याय चालू केला आणि टँकर माळाकडं लावून दिला. मग पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड तिनं फक्त मडिवाळप्पाला सांगितला.