सलग तीस दिवस

"तीन दिवस! फक्त तीनच दिवस!" भोंगा इतक्या जोरात ओरडला की गच्चीच्या कठड्यावरचे दोन कावळे दचकून उडाले.

"हळू रे! बहिरी करशील मला," मोजपट्टी म्हणाली, पण तिचं तोंड हसू लपवत नव्हतं. तिच्या वहीत सत्तावीस उभ्या रेघा होत्या आणि पुढे तीन मोकळ्या जागा.

भोंग्याला भोंगा का म्हणतात हे वेगळं सांगायला नको. मोजपट्टीला तिचं नाव पडलं ते तिच्या खोडीमुळे. ती काहीही मोजायची. जिन्याच्या पायऱ्या, नळाचे थेंब, बाबांच्या दोन घोरण्यांमधलं अंतर! हल्ली मात्र ती दिवस मोजत होती.

तिचा आठ वर्षांचा भाऊ बटण दीड वर्षापासून डोंगरावर मावशीकडे राहत होता. इथे, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, त्याला धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात आईला सांगितलं होतं, "फाटकावरच्या फळ्यावर धुळीचा आकडा सलग तीस दिवस शंभराच्या खाली राहू दे. मग खुशाल आणा त्याला."

आणि आकडा राहिला होता! बावन्न, सत्तेचाळीस, पन्नास... रोज सकाळी दहा वाजता फळ्यावर खडूने आकडा लिहिला जाई आणि पुढे टपोऱ्या अक्षरांत 'हवा उत्तम'. आईने एकतिसाव्या दिवसाच्या सकाळच्या बसचं तिकीटही काढून ठेवलं होतं. बटणची गादी उन्हात घातली होती. त्याच्या जुन्या चपला मोजपट्टीने स्वतःच्या पायाला लावून पाहिल्या, तेव्हा तिला एकदम जाणवलं, की त्या आता त्यालाही होणार नाहीत. दीड वर्षात त्याचा पाय केवढा झाला असेल, हे तिला ठाऊकच नव्हतं. मोजपट्टीला! आपल्या भावाचा पाय ठाऊक नव्हता!

"ए, हे बघा ना," मागून आवाज आला.

ही भोंग्याची आतेबहीण. सुट्टीला कालच आली होती, म्हणून सगळे तिला पाहुणी म्हणत. ती एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा तळवा दाखवत होती. तळवा करडा-काळा झाला होता.

"त्यात काय? धुऊन टाक," भोंगा म्हणाला.

"सकाळीच धुतला होता! गच्चीवर दहा पावलं चालले फक्त. आणि तुमच्या फळ्यावर हवा उत्तम? ही उत्तम, तर वाईट कशी असते रे?"

"आमच्याकडे असंच असतं," भोंग्याने खांदे उडवले. "आम्ही कपडेसुद्धा घरातच वाळत घालतो."

मोजपट्टीने मात्र तो तळवा बोटाने पुसून पाहिला. तिला बटणची मागच्या वर्षीची खेप आठवली. फक्त दोन दिवसांसाठी बटणला आणलं होतं. फळ्यावर आकडा होता चोपन्न. तरी दुसऱ्या संध्याकाळी त्याचे ओठ निळसर पडले आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. सगळे म्हणाले, प्रवासात सर्दी झाली असेल.

"मोजून बघू या," ती हळूच म्हणाली.

न्हाणीघराला बसवून उरलेल्या चार पांढऱ्या टाइल्स माळ्यावर पडल्या होत्या. थंडीत ओठांना लावतात ते चिकट मलम त्यांनी टाइल्सवर पातळ चोपडलं. एक टाइल गच्चीवर ठेवली, एक बटणच्या खिडकीत, एक फाटकाजवळच्या भिंतीवर. चौथी मात्र बंद कपाटात.

"कपाटात कशाला? कपाटाला दमा आहे का?" भोंगा हसला.

"तुलना करायला, शहाण्या! नाहीतर मलमच मुळात मळकट होतं म्हणशील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी टाइल्स गोळा केल्या. कपाटातली पांढरीशुभ्र होती. बाकीच्या तीन पाहून भोंग्याचाही आवाज बसला. बटणच्या खिडकीतल्या टाइलवर बोटाने नाव लिहिता आलं असतं!

तिघे धावत सुटले ते भोंग्याच्या आजोबांकडे. आजोबांनी तीस वर्षं वीजकेंद्राच्या भट्टीसमोर काढली होती. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं.

"हे चमकणारे काळे कण दिसतात? कोळसा. आणि हे पिठासारखं करडं आहे ना, ती राख. कोळसा जाळला की राख उरणारच. धुराड्यातून जाण्याआधी बरीचशी राख पकडतात, कोठीत साठवतात आणि ट्रकमधून बाहेर पाठवतात. पाणी मारून, ताडपत्री घालून नेली तर ती उडत नाही."

"मग कोळसा बंदच करून टाका ना!" पाहुणी तावातावाने म्हणाली. "पाण्यावर वीज होते की! आम्हाला शाळेत शिकवलंय. स्वच्छ वीज!"

आजोबा जरा वेळ भिंगाशी चाळा करत राहिले. "होते तर. माझं गाव त्याच स्वच्छ पाण्याखाली आहे, बाळ. धरण झालं तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या शाळेची भिंत वर येते म्हणतात. मी काही बघायला गेलो नाही." त्यांनी घसा खाकरला. "वारा आहे, ऊन आहे. ती वीज कोळशापेक्षा बरीच बरी, आणि एक दिवस तीच जास्त होईल. व्हायलाच हवी. पण फुकट काहीच नसतं. उन्हापासून वीज करणाऱ्या पाट्या जुन्या झाल्या की टाकायच्या कुठे, हेही कुणीतरी बघायला हवं. आपण काय करायचं? कमी नुकसान करणारी वीज निवडायची. आणि होतं ते नुकसान नीट मोजायचं. मोजलंच नाही, तर थांबवणार कसं?"

"पण आजोबा, मोजतात की! रोज मोजतात!" मोजपट्टी म्हणाली, आणि मग स्वतःच थबकली. "म्हणजे... मोजण्यातच काहीतरी चुकतंय."

धूळ मोजायचं यंत्र कचेरीच्या गच्चीवर होतं आणि त्याची देखभाल यंत्रकाका करत. काका शिस्तीचे. बुटांत तोंड दिसेल इतके टापटीप. मुलांना गच्चीवर सक्त मनाई!

"मी बघतो," भोंगा म्हणाला. दुपारी काकांसमोर उभा राहून त्याने आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाज काढला. "काका, सुट्टीचा अभ्यास आहे. 'मला आवडलेलं यंत्र'. सगळे म्हणतात, तुमच्या यंत्राइतकं स्वच्छ यंत्र अख्ख्या केंद्रात नाही."

काकांची छाती दोन इंच फुगली. "चला वर! पण हात लावायचा नाही हं!"

गच्चीच्या मधोमध ते उभं होतं, कपाटाएवढं उंच. आणि त्याच्यावर, डोक्यापासून पायापर्यंत, जाड कापडाची शिवलेली खोळ! चारी बाजूंनी नाड्या, प्रत्येक नाडीला नीट गाठ. आतून पंख्याची घरघर येत होती.

"हे यंत्र हवा आत ओढतं," काका कौतुकाने सांगू लागले. "आत गोल पांढरा कागद असतो. हवेतली धूळ त्यावर बसते. कागदाचं वजन किती वाढलं, यावरून आकडा निघतो. आणि आपला कागद बघाल तर दुधासारखा पांढरा!"

"काका," पाहुणीने विचारलं, "यंत्र आता चालू आहे?"

"चोवीस तास!"

"मग ही खोळ?"

"ती मीच शिवून घेतली," काका म्हणाले. "यंत्राला धूळ लागू नये म्हणून!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भोंग्याने हसू दाबायला मूठ तोंडात घातली.

"काका," मोजपट्टी अगदी हळू म्हणाली, "ते धूळ मोजायचं यंत्र आहे ना? मग धूळ त्याच्यापर्यंत पोचायला नको?"

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी नाडीची एक गाठ चाचपली. "मोठ्या साहेबांचा लेखी आदेश आहे," ते शेवटी पुटपुटले. "तपासणीला पाहुणे आले होते, यंत्रावर धूळ दिसली, साहेब भडकले. 'यंत्रावर धुळीचा कण दिसता कामा नये.' तेव्हापासून खोळ आहे." मग ते वाकून मोजपट्टीला म्हणाले, "हे बघ बाळ, तीन दिवसांनी तुझा भाऊ येतोय ना? सगळे खूश आहेत. कशाला उगाच? जाऊ दे."

त्या संध्याकाळी घरी आई बटणचे शर्ट इस्त्री करत होती. "उंच झाला असेल नाही गं?" ती म्हणाली. "मी आल्याआल्या त्याला दाराच्या चौकटीला उभा करणार."

मोजपट्टीला बोलावंसं वाटलं आणि बोलवेना. वर्षभर ती बटणच्या हाकेची वाट बघत होती. तो जिन्याच्या तळापासून "ताईऽऽ" अशी हाक मारत यायचा, आणि वर पोचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबायचा. गप्प राहिलं की तीन दिवसांनी ती हाक ऐकू येणार होती. तीनच दिवसांनी! पण तिच्यामागोमाग काय येणार होतं, हेही तिला आता माहीत होतं. खिडकीतल्या टाइलवर ते चिकटून बसलं होतं.

तिने डोळे पुसले आणि भोंग्याच्या दारावर थाप मारली. "काकांना सांगून उपयोग नाही. ते आदेश मोडणार नाहीत."

"मग आदेश पाळायला लावू!" पाहुणीचे डोळे चमकले.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दहाच्या आत तिघे कचेरीखाली हजर. काका जिन्यातच भेटले.

"काका, काल एक सांगायचं राहिलं," पाहुणी गोड आवाजात म्हणाली. "यंत्र लख्ख आहे, पण खोळ किती मळलीय! नुसती राखच राख. साहेब वर आले आणि त्यांना ती दिसली तर?"

"अरे देवा!" काका तीन-तीन पायऱ्या गाळत वर पळाले. दहा मिनिटांत खोळ बादलीत भिजत होती. तिच्यातून निघालेलं पाणी शाईसारखं काळं होतं. आणि जाड कापड ते! दिवसभर उन्हात टांगलं तरी शिवणी ओल्याच राहिल्या. ओली खोळ यंत्रावर घालणं काकांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

पूर्ण एक दिवस यंत्राने मोकळा श्वास घेतला.

तिसाव्या दिवशी दहा वाजता फाटकापाशी नेहमीसारखी चार माणसं होती. काका खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहिले. त्यांनी हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा दोनदा वाचला. पण खोटा आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. त्यांनी लिहिलं: तीनशे बारा. 'हवा' लिहून ते पुढे थांबूनच राहिले.

"तीनशे बारा!" भोंग्याची आरोळी ऐकून अर्धी वसाहत गोळा झाली. मोठे साहेब गाडीतून उतरले तेच ओरडत. "यंत्र बिघडलंय! कुणी हात लावला यंत्राला?"

"कुणी नाही, साहेब," मोजपट्टी पुढे झाली. "आज पहिल्यांदा ते नीट चाललंय. त्याच्यावर खोळ होती." तिने चारही टाइल्स त्यांच्या गाडीवर ओळीने मांडल्या. "ही बंद कपाटातली. ही माझ्या भावाच्या खिडकीतली. एका दिवसाची."

साहेबांनी टाइलवर बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. "खोळ कुणाच्या सांगण्यावरून?"

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. खाली साहेबांचीच सही होती.

तेवढ्यात राखेने भरलेला एक ट्रक उघडाच फाटकातून बाहेर पडला. मागे करडा लोट उठला आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर येऊन बसला.

"साहेब," भोंगा न राहवून म्हणाला, "खोळ चुकीच्या वस्तूला घातलीय! ती ट्रकला हवी!"

आधी आजोबा हसले, मग सगळेच. साहेब हसले नाहीत. त्यांनी राखेच्या कोठीवरच्या माणसाला बोलावलं. पाणी मारायचा पंप कधीपासून बंद आहे? पाच महिने. दुरुस्ती का नाही? "आकडा उत्तम येत होता, साहेब. घाई काय, असं वाटलं."

"चूक माझ्या आदेशाची," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले आणि त्यांनी काकांच्या हातातला कागद फाडला. "आजपासून ताडपत्रीशिवाय एकही ट्रक हलणार नाही. पंप आजच्या आज सुरू करा. आणि मुलांनो, आमचे शिकलेले डोळे जे बघू शकले नाहीत, ते तुम्ही बघितलंत. शाबास!"

आजोबांनी मोजपट्टीच्या डोक्यावर हात ठेवला. "तीस वर्षं मी आगीपुढे उभा होतो, पोरी. पण आज तू उभी राहिलीस ते जास्त कठीण होतं."

टाळ्या वाजल्या. मोजपट्टी गर्दीत आईला शोधत होती. आई फळ्याकडे बघत उभी होती, तिकीट मुठीत चुरगळून गेलेलं. मग ती आली आणि तिने लेकीला घट्ट जवळ घेतलं. "बरं केलंस," ती म्हणाली.

संध्याकाळी फोनवर बटण रडला. "तू मुद्दाम केलंस! तुला मी नकोच आहे!"

"मला तू हवा आहेस," मोजपट्टी म्हणाली. "धाप न लागता."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या परवानगीने फळ्यावरचा आकडा तिघं मुलं लिहू लागली. काका शेजारी उभे राहून अक्षर सरळ आहे ना ते बघत. दोनशे ऐंशी. दोनशे चाळीस. पंपाचा पाइप फुटला त्या दिवशी पुन्हा दोनशे सत्तर. दर संध्याकाळी मोजपट्टी मावशीला फोन करून आकडा सांगे. बटण फोनवर येत नसे, पण पाचव्या दिवशी मावशी म्हणाली, "थांब, तो विचारतोय आज किती?" एकशे त्र्याऐंशी. एकशे तीस. पाहुणी तिच्या गावी परत गेली. सुट्टी संपत आली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मोजपट्टीने फोन लावला तेव्हा पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ताई? आज किती?"

"ब्याण्णव."

"म्हणजे किती दिवस झाले?"

"एक," ती म्हणाली.

"फक्त एक?"

"एकच. पण खरा."

पलीकडे तो नुसता श्वास घेत होता. ती ऐकत राहिली. न अडकता, न शिटी वाजता, एकामागून एक येणारे ते श्वास तिने सवयीने मोजायला सुरुवात केली.